येथे ताजा फेस मिळेल

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी, म्हशींच्या शिंगांवरचा रंग अजून ओला असताना, कोल्हापुरातल्या आमच्या पेठेनं एका बाईला चोर ठरवलं. बाई दूध कट्ट्यावर म्हैस पिळते. ती ज्या भिंतीला लागून उभी राहते, त्या भिंतीवर फ्लेक्स लावला होता. वर पणत्या, दिव्यांच्या माळा, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. खाली काठोकाठ फेसानं भरलेल्या ग्लासाचा फोटो आणि लाल अक्षरांत: येथे ताजा फेस मिळेल. दूध हवे असल्यास घरून आणावे.

लोक हसले. मी तिथंच होते. कोण कोण हसलं ते मला माहीत आहे.

ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं त्यांचा एक नियम होता. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला आणि कधी झाला ते सांगायचं. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याकडून काय पाहिजे ते मागायचं. मधे काय लिहायचं ते लिही, मधलं कोण वाचतंय! हे पत्रक नव्हे, माझी आठवण आहे, तरी नियम तोच पाळते. फक्त या वेळी मधलंही वाचा. नावं कुणाची घालत नाही. म्हशीचंही नाही, कारण आमच्याकडं म्हशीवरून मालक ओळखतात. त्या बाईंना मी मावशी म्हणते, इथंही मावशीच म्हणेन.

कट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळ-संध्याकाळ मालक आपापल्या म्हशी घेऊन रस्त्याकडेला येतात. तुम्ही उभं राहायचं, तुमच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढली जाते, तिथंच प्यायचं, ओठावरचा फेस पुसायचा आणि कामाला लागायचं. पाणी घालायला जागाच नाही. तालमीतली पोरं, रिटायर झालेले मास्तर, बाळंतिणीसाठी किटली घेऊन आलेली सासू, सगळे एकाच रांगेत.

आणि या सगळ्यात एक रीत आहे. ग्लास भरला, फेस जरा खाली बसला, की पिळणाऱ्यानं न सांगता आणखी एक धार वर सोडायची. तिला आम्ही वरची धार म्हणतो. तिचे पैसे नसतात. भाजीवाली वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी टाकते तसंच. फरक एवढाच, की मिरच्या मागून घेता येतात. वरची धार मागायची पद्धत नाही. ती यायची असते.

कट्ट्याचा दर सगळ्यांना एकच. तो तालमीतल्या बैठकीत हात वर करून ठरतो आणि भिंतीवर रंगानं लिहिला जातो. तेव्हाचा आकडा ज्या पेंटरनं रंगवला त्यानं पुढं ब्रश टाकून फ्लेक्सचं मशीन घेतलं, आता त्याच्या डोक्यावर केस राहिले नाहीत, पण आकडा तोच होता. दर वाढवायचा विषय कुणी काढायचाच नाही, काढला तर तो लुटारू. आमच्या पेठेत लुटारू ही पदवी एकदा मिळाली की परत घेतली जात नाही.

मी महागाईविरोधी मोहिमेत काम करते. घोषणा, पत्रकं, कोपरासभा, सगळं. पावसाळा संपता संपता आमच्या संघटनेनं ठरवलं, की दारोदार जाऊन लोकांना एकच प्रश्न विचारायचा: तुमच्या घरात सगळ्यात जास्त काय महागलं? माझ्याकडं आमचीच पेठ आली.

उत्तरं ऐकून मी चक्रावले. तेल, गॅस, शाळेची फी हे अपेक्षित होतंच. पण दारागणिक एकच शब्द येत होता: दूध. आणि कुठलं, तर कट्ट्यावरचं. ज्याचा दर वर्षानुवर्षं हललेला नाही ते!

"काकू, भिंतीवर तर तोच दर हाय की," मी एका दारात म्हटलं.

"दर तोच हाय गं. पर वरची धार बंद झालीया की!"

"मग महागलं कुठं?"

"तुला कळत न्हाय व्हय? कॉलेज कशाला केलीस मग?"

दुसऱ्या एका घरात भिंतभर टीव्ही नवा लागला होता. मी म्हटलं, टीव्ही तर स्वस्त झालेत म्हणतात. बाई म्हणाल्या, "टीव्ही काय रोज सकाळी घेतो काय आमी? दूध रोज घेतो." मी मोबाइलच्या इंटरनेटचं विचारलं. त्यांच्या मालकांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "ते पिता येत न्हाय."

आणि कारण? कारणाच्या बाबतीत कुणालाच शंका नव्हती. धार तोडली होती ती मावशींनी. ती बाई माजली. तिला हाव सुटली. भिंतीवरच्या जुन्या आकड्यात आज म्हशीला काय काय खायला घालायचं, हा प्रश्न मला एकाही दारात ऐकू आला नाही. महागाई कुठून येते असं विचारलं, की माणसं जो हात सगळ्यात जवळ दिसतो त्याकडं बोट दाखवतात. माझ्या घरीही तेच. वडिलांचा पगार वाढला तेव्हा ते म्हणाले, "राबलो, म्हणून वाढला." भाजी वाढली तेव्हा म्हणाले, "वाढवली चोरांनी." मी म्हटलं, "बाबा, तुमचा पगार वाढला तेव्हा कुणीतरी तुम्हालाही असंच म्हटलं असंल." त्यांनी माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

त्याच सुमाराला वाचनालयात अर्थशास्त्राच्या सरांचं व्याख्यान झालं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, पेठेत राहणारे, पेपरात लिहिणारे. विषय होता 'महागाई: समज आणि वस्तुस्थिती'. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन मागच्या रांगेत बसले, भांडायच्या तयारीनं. सरांनी पडद्यावर आलेख दाखवले. वस्तूंची एक ठरलेली टोपली असते, तिची किंमत काळाबरोबर कशी बदलते ते बघतात, असं समजावलं. काही वस्तू वाढतात, काही उतरतात, पण आपल्याला वाढलेल्याच लक्षात राहतात, कारण त्या आपण वारंवार विकत घेतो. हे मला पटत होतं आणि पटतंय याचाच राग येत होता. मग उदाहरण म्हणून त्यांनी आमच्या कट्ट्याकडं हात केला.

"आता हेच बघा. कट्ट्यावरचं दूध. इतक्या वर्षांत दर स्थिर. तरी प्रत्येक जण म्हणतो, दूध महागलं. हा समज."

सभागृहात गलका झाला. एक म्हातारबाबा उठून उभे राहिले.

"सर, मी काय म्हंतो, तुमी दूध पितासा काय?"

"पितो की. रोज कट्ट्यावर."

"आनि वरची धार?"

सर हसले. म्हणाले, "ती आकडेवारीत येत नाही हो. तिची किंमतच नसते."

"किंमत न्हाय व्हय!" म्हातारबाबा सभागृहाकडं वळले. "ऐकलासा काय मंडळी? किंमत न्हाय म्हंत्यात!" आणि टाळ्या पडल्या, सरांना नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कट्ट्यावर गेले. मला मावशींना दारोदारची उत्तरं सांगायची होती. मावशी पन्नाशीच्या पुढच्या, आवाज असा की रंकाळ्यावरून हाक मारली तर पेठेत ऐकू यावी. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या जागेवर उभ्या राहतात. त्यांच्यापुढं सर उभे होते, हातात ग्लास. ग्लास भरला, फेस बसला. मावशींनी हात पदराला पुसला. सर हलेनात.

"झालं की ओ सर."

"मावशी," सरांनी आवाज उतरवला, "ती वरची..."

मागायची पद्धत नसलेली गोष्ट आणि मागणारे आदल्या संध्याकाळी तिची किंमत नसते म्हणून सांगणारे! मला राहवलं नाही. "सर, किंमत नसलेली वस्तू कशाला मागताय?"

सर दचकले, मग खरंच हसले. "बाई गं, संध्याकाळी मी अर्थशास्त्राचा असतो, सकाळी पेठेचा असतो."

मावशी मात्र हसल्या नाहीत. "मागा, मागा. सगळीच मागालीत. सरकी पेंडीच्या दुकानात जाऊन मागा की कुणीतरी एक मूठ वरची." सरांनी ग्लास संपवला आणि गेले. पुढच्या आठवड्यापासून ते शेजारच्या म्हशीकडं जायला लागले. तिथं वरची धार मिळत होती.

मी मावशींच्या गोठ्यावर गेले. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं आणि स्वतः उसाचं वाडं तोडत बोलायला लागल्या. पेंड वाढली, कडबा वाढला, वाडं हंगामात मिळतं तेही आता विकत. दर मात्र भिंतीवर चिकटलेला. "मग दर वाढवायची बैठक बोलवा की," मी म्हटलं.

"मी बोलवू? आनि लुटारू म्हनून घेऊ? माझ्या सासूला कुनी कधी तसलं म्हटलं न्हाय."

"म्हणून धार बंद केलीत?"

विळा थांबला. "कुनाच्या ध्यानात येनार न्हाय असं वाटलं बघ." मग स्वतःच कपाळावर हात मारला. "आनि म्हस सुदा समजती गं. वरची सोडली न्हाय की मागं वळून बघती, झालं कसं काय म्हनून."

पेंड कुणामुळं वाढली असं विचारलं, तर त्यांच्याकडंही उत्तर तयार होतं: दुकानदार. त्यानं गोदाम भरून ठेवलंय. दुकानदाराला मी विचारलं. तो म्हणाला, मिलवाला चोर. मिलपर्यंत मी गेले नाही. गेले असते तर त्यांनीही पुढचं बोट दाखवलं असतं. मावशी काही साध्वी नाहीत. पेठ त्यांना जे म्हणत होती तेच त्या दुकानदाराला म्हणत होत्या. पण दुकानदाराच्या दारावर कुणी फ्लेक्स लावला नाही.

मग पाडवा आला.

आमच्याकडं त्या दिवशी म्हशी सजतात. अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात, शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि मग मालकाच्या मोटरसायकलमागं म्हैस रस्त्यानं पळवतात. अख्खी पेठ बघायला येते. मावशींनी आदल्या दिवशी म्हशीच्या पाठीवर मोर काढून घेतला होता. मला म्हणाल्या होत्या, "सकाळी ये बघायला, नाद करायचा न्हाय आमचा." मी गेले. मावशी म्हैस घेऊन आल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. त्यांना वाचायला जरा वेळ लागतो. त्या वाचत असताना लोक हसत होते, आणि मोबाइल वर धरलेले होते. वाचून झाल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. एवढा आवाज असलेली बाई! म्हशीला वळवलं आणि घरी गेल्या. मोर पाठीवर तसाच.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ राधानगरीच्या माझ्या मामीपर्यंत पोचला. तिनं मला हसणारे चेहरे टाकून पाठवला. खाली लिहिलं होतं, तुमची पेठ जगात भारी.

फ्लेक्स कुणी केला हे शोधायला लांब जायला नको होतं. तोच, भिंतीवरचा आकडा रंगवलेला, आता फ्लेक्सवाला. आमची पत्रकंही तोच छापतो. मी त्याच्या दुकानात गेले.

"काय ओ हे?"

"गंमत गं. दिवाळी हाय."

"बाईला चोर म्हणायचं गंमत?"

"तुमीच छापून घेतलासा की. लुटारूंना जाब विचारा म्हनून. दोन हजार पत्रकं. मी विचारला जाब."

"लुटारू कोण ते विचारलंत का आधी?"

"माझा ग्लास रिकामा दिसतोय मला. आनि काय विचारायचं?"

कट्ट्याचं बघणाऱ्या तालमीच्या मंडळींनी त्याच आठवड्यात मावशींना निरोप पाठवला. एकतर पूर्वीसारखी वरची धार द्या, नाहीतर जागा सोडा. रविवारी बैठकीत काय ते ठरेल. मावशी कट्ट्यावर यायच्याच थांबल्या होत्या. दूध डेअरीला घालत होत्या. तसं घालणं चालूच ठेवता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. सरही म्हणाले. मी मावशींना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "डेरीत माझं तोंड कुनाला बघायचं असतंय? चोर म्हनल्यावर पेठेतनं निघून गेलो तर चोरच की मी." आमच्याकडं बायकाही 'गेलो'च म्हणतात. "मला माझी जागा पायजे. आनि ती पाटी ज्यानं लावली त्यानं काढायची."

मी संघटनेच्या कचेरीत गेले आणि म्हटलं, मला नवं पत्रक काढायचंय. मथळा: कट्ट्याचा दर वाढवा.

आमचे पुढारी, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. "काय वाढवा?"

"दर."

"अगं, डोकं फिरलं काय तुझं? आपण कोण? महागाईविरोधी. उद्या लोक काय म्हणतील? विकली गेली म्हणतील."

"भाऊ, दर दाबून धरला म्हणून महागाई थांबली का? ती धारेत शिरली. एका बाईच्या बोकांडी बसली. आपण जो आकडा भिंतीवर तसाच ठेवल्याबद्दल पेठेचं कौतुक करत होतो, त्याचं ओझं एकटी ती उचलत होती."

"हे सगळं खरं असंल," भाऊ म्हणाले, "पण खरं ते सगळं पत्रकात मावत नाही." चहा संपवून म्हणाले: "काढ. संघटनेचं नाव घालू नकोस."

नाव नसलेलं पत्रक घेऊन मी सरांकडं गेले. त्यांच्याशी माझं पटत नव्हतं, अजूनही पूर्ण पटत नाही. पण दर दाबून ठेवला की तो भलतीकडून फुटतो, हे माझ्याआधी तेच पेपरात लिहीत होते आणि आम्ही त्यांना श्रीमंतांचा वकील म्हणत होतो. आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. त्यांनी लिहिलं, 'उत्पादनखर्चातील वाढ किमतीत परावर्तित न झाल्यास'. मी खोडलं. मी लिहिलं, 'लुटारू कोण?' त्यांनी खोडलं.

"लुटारू कुणीच नाही, हेच तर सांगायचंय आपल्याला," ते म्हणाले.

"लुटारू नाही असं लिहिलं तर कुणी वाचणार नाही."

"मग काय लिहायचं?"

"बाईचं लिहायचं. तुमच्या आलेखात बाई नाही."

"आणि तुझ्या पत्रकात पेंड नाही." मग मी विचारलं, कट्ट्यावर एक आजोबा येतात, पैसे पुरत नाहीत म्हणून अर्धाच ग्लास घेतात; दर वाढला तर ते काय करतील? तुमचं शास्त्र म्हणेल, कमी पितील. सर म्हणाले, "हो, म्हणेल. आणि ते चूक ठरणार नाही. म्हणून दर वाढवायचा म्हटलं की ते कुणाला झेपणार नाही तेही त्याच बैठकीत बोलायचं. लपवून नाही." ते वाक्य आम्ही दोघांनी मिळून ठेवलं. पत्रकात एवढं एकच आहे जे खोडाखोडीतून वाचलं.

पत्रकाचे गठ्ठे बांधताना सर म्हणाले, "शेजारच्याकडं अजून धार मिळते. त्याला कशी परवडते?" मी याचा विचारच केला नव्हता.

शनिवारी सकाळी मी शेजारच्या म्हशीकडं जाऊन ग्लासभर दूध प्यायले. वरची धार आली, छान आली. ग्लास खाली ठेवताना हाताला वजन लागलं. रिकामा ग्लास एवढा जड? उलटा करून बघितला. काचेचं बूड दोन बोटं जाड. पुढच्या म्हशीकडं तसाच. त्याच्या पुढं तसाच. कट्ट्यावर सगळ्यांनी ग्लास बदलले होते. फक्त मावशी जुन्याच ग्लासात देत होत्या. ग्लास कुणाच्या लक्षात आला नाही, धार आली.

रविवारी तालमीत बैठक भरली. आखाड्याच्या लाल मातीच्या कडेनं माणसं बसली होती, मावशी दारापाशी. बायका अशा बैठकीला फारशा येत नाहीत. त्या दिवशी पत्रक वाचून बऱ्याच आल्या, किटल्या घेऊनच. मंडळींनी विषय काढला: धार की जागा. मी उठले. पिशवीतून दोन ग्लास काढले, एक मावशींचा, एक शेजारचा. जाड बुडाचा ग्लास पाण्यानं काठोकाठ भरला. तो मावशींच्या ग्लासात ओतला. वर आणखी चूळभर पाणी टाकलं, म्हटलं ही वरची धार.

भरला नाही. बोटभर खालीच राहिला.

मागून एकजण म्हणाला, "आयला, आमाला काच पाजालेत की!" आणि तालीम हसली. शेजारचा मालक लालेलाल झाला. मावशी ओरडल्या, पण माझ्यावर: "गप बस गं! त्यांचीबी पोटं हायत. त्यांनी काच जाड केली, मी धार तोडली. भागत हुतं कुनाचं?"

हे त्या बोलल्या आणि सगळ्या मालकांचे चेहरे उतरले, कारण आता कुणालाही दुसऱ्याकडं बोट दाखवता येईना. सरांनी पेंडीचं, कडब्याचं दोनच वाक्यांत सांगितलं. त्यांची कुणी हुर्यो उडवली नाही. मी म्हटलं, दर वाढवा, उघड वाढवा, सगळ्यांनी मिळून वाढवा, म्हणजे कुणाला चोरून काही कमी करावं लागणार नाही. फ्लेक्सवाला म्हणाला, "महागाईविरोधी पोरगीच दर वाढवा म्हनतीया!" मी म्हटलं, "व्हय. म्हनतीया. हात वर कर नाहीतर खाली ठेव."

हात वर झाले. सगळे नव्हे. वडिलांचा झाला नाही. पण पुरेसे झाले. अर्धा ग्लास घेणाऱ्यांना जुन्याच दरानं, हेही त्याच हातांनी ठरलं आणि त्यावर जरा भांडण झालं, कारण मग सगळेच अर्धा अर्धा दोनदा घेतील, अशी एकाला भीती. "घे की दोनदा," मावशी म्हणाल्या, "पेठेत तोंड दाखवायची लाज न्हाय तर."

फ्लेक्सवाल्यानं ब्रश परत हातात घेतला. जुना आकडा पुसून नवा रंगवला, आणि आपल्या मनानं खाली एक ओळ टाकली: वरची धार देणे बंधनकारक. सोमवारी मावशी म्हैस घेऊन आल्या. तीच भिंत. पुन्हा थांबल्या, पुन्हा हळूहळू वाचलं. मला वाटलं, परत निघाल्या. पण त्यांनी बादलीतलं पाणी घेतलं आणि ती ओळ पदरानं घासायला लागल्या.

"अवो मावशी, तुमच्यासाठीच लिहिलंय!" फ्लेक्सवाला धावत आला.

"लिवल्यावर ती वरची कशी? मग ती दरातलीच की! पुस."

"रंग वाळलाय."

"मग नवा लाव वरनं. आनि ती फेसाची पाटी कुठं हाय?"

पाटी त्यानं आदल्या रात्रीच उतरवली होती. ओळीवर पांढरा पट्टा मारला. माफीचा शब्द मात्र त्याच्या तोंडून आला नाही. आजतागायत नाही. सर तिथंच रांगेत होते, मावशींच्या रांगेत. त्यांचा ग्लास भरला, फेस बसला, आणि त्यांनी काहीही न मागता एक धार वर आली. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आता ही कुठल्या तक्त्यात घालणार?" ते म्हणाले, "कुठल्याच नाही," आणि पिऊन टाकलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिली नसती. दर सुधारला, ग्लास सुधारले. अर्थशास्त्रानं बघितलं तर कट्ट्याचा हिशेब बसला. पण व्हिडिओ अजून फिरतोय. गेल्या महिन्यात मावशी कोडोलीला लग्नाला गेल्या होत्या. तिथं एका अनोळखी पोरानं त्यांना विचारलं, "पावणं, तुमीच न्हवं त्या फेसवाल्या?" मावशी जेवणावरून उठल्या. दर बैठकीत वाढवता येतो. चोर हा शब्द कुठल्या बैठकीत मागं घेतात ते मला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून मागते. तुम्ही त्या पाडव्याला भिंतीपाशी उभे राहून हसला असाल, किंवा घरी बसून तो व्हिडिओ पुढं पाठवला असेल, तर तो आता, हे वाचून झाल्याबरोबर, काढून टाका. ज्यांना पाठवला त्यांना कळवा की बाई चोर नव्हती. आणि उद्या सकाळी कट्ट्यावर या. नव्या दरानं एक ग्लास घ्या, वरची धार मागू नका, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिच्या तोंडावर म्हणा: मावशी, आमचं चुकलं.